लांडगिणीचं शेपूट

"लुगडं सोडून बघा," पालथ्या घमेल्यावर बसलेला मुंजाजी मुकादम म्हणाला. "शेपूट हाय का न्हाई, आत्ता कळंल."

खडी फोडणाऱ्या बायांचे हातोडे थांबले. बहात्तरच्या दुष्काळात गोरेगावच्या रस्त्याचं काम निघालं होतं. त्या कामावरून आठ दिवसांत तीन शेळ्या नाहीशा झाल्या होत्या. शेवटची लक्ष्मीबाईची: काळी, शेपटाला पांढरा गोंडा. मुंजाजीनं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. हे काम लांडगिणीचं. दिवसा बाई असते, अंधार पडला की राखेत लोळून जनावर होते. उजाडताना परत बाई होते, पण शेपूट काही जात नाही. ओढ्यापलीकडं एकटी कोण राहतं? एवढ्या दुष्काळात कुणाचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत?

सगळ्यांनी जनकाबाईकडं पाहिलं.

तिनं हातोडा खाली ठेवला. "शेपूट निघालं तर?"

"कामावरून नाव कमी. उद्यापासून सुकडी बंद."

कामावर वाटायच्या त्या मूठभर सुकडीवाचून तिच्या घरात खायला काही नव्हतं. हे मुंजाजीला माहीत होतं.

"आन् न्हाई निघालं तर?"

"ते बाया सांगतील." त्यानं लक्ष्मीबाईला उठवलं आणि आपली भावजय पद्माबाई हिलाही.

"भावजयीला काहून तकलीफ देऊन राहिला?" जनकाबाई म्हणाली. "तिला तर बघायच्या आधीच दिसलं असंल."

एक-दोघी हसल्या. मुंजाजीनं डोळे वटारले. "खडीच्या ढिगाआड न्या हिला."

जनकाबाईनं ढिगाकडं पाहिलं. "गुडघाभर ढीग. त्याच्याआड तुझी अब्रू झाकंल, मुकादम. माझी न्हाई."

त्या उघड्या माळावर आडोसा एकच होता, ओव्हरसियरच्या तंबूचा. ती तिकडं चालू लागली.

"तिकडं न्हाई! सायबाचा तंबू हाय!" मुंजाजी ओरडला.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. दोघी तिच्यामागून गेल्या.

 तंबूमागून लक्ष्मीबाई ओरडली. एकदाच.

तिघी बाहेर आल्या. जनकाबाईचं लुगडं होतं तसंच होतं. लक्ष्मीबाईचे हात कोपरापर्यंत तंबूमागच्या चुलीच्या राखेनं भरले होते. पद्माबाई मागंच रेंगाळली.

जनकाबाईनं दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर धरावा तसं काहीतरी धरलं होतं. काळं. टोकाला पांढरा गोंडा. बुडाशी सुरीनं सरळ कापलेलं.

ती मुंजाजीसमोर येऊन उभी राहिली.

"शेपूट घावलं," ती म्हणाली. "उठ, मुकादम. बघू कुनाला बसतंय."