फटीपुरती जागा

"थांबा, करवत बंद करा!" दुर्बीण गळ्यात, साहेब धापा टाकत शिरीषाच्या झाडाखाली आले. "ढमाले, वर ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसलीय. दार तिने आतून लिंपून घेतलंय. नर तिला फटीतून भरवतो. पिल्लं उडेपर्यंत थांबा."

कंत्राटदार ढमाले शांतपणे म्हणाला, "थांबतो की. मुदतवाढ लिहून द्या."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि तसंच धरून ठेवलं.

कलम नऊ: रस्तारुंदीकरणातील झाडे मुदतीत न तोडल्यास कंत्राट रद्द होईल. मुदतवाढ देण्याचा अधिकार कोणासही राहणार नाही.

कलम त्यांचंच होतं. पालिकेच्या कंत्राट विभागात त्यांचा लौकिक होता, की साहेबांच्या करारात मुंगीलाही शिरायला फट सापडत नाही. रविवारी पक्षी बघायला ते याच झाडाखाली यायचे. पण करारात झाडांना फक्त क्रमांक होते. एकशे बारा म्हणजे हा शिरीष, हे त्यांना आज सकाळी खोडावरचा रंगवलेला आकडा बघून कळलं.

"काहीतरी वाट काढा हो," ते म्हणाले.

"माझा बाप गेला तेव्हा मी चार दिवस मागितले होते, साहेब. तुम्ही म्हणालात, कलम वाचा. सावडायच्या दिवशी मी डांबर टाकत होतो." ढमालेने हात वर केला. "घ्या रे!"

शिरीष कोसळला. धुरळा बसल्यावर नर आला. चोचीत उंबर धरून, जिथे फट होती तेवढ्याच उंचीवर तो हवेत घिरट्या घालत राहिला.

साहेबांना ते बघायला दुर्बीण लागली नाही.