आईसाठी गिझर

ऐन थंडीत नारायणगावच्या फ्लॅटमधला जुना गिझर बंद पडला आणि भरतच्या डोक्याला ताप झाला. “भाऊ, टाकीच गळतीय, नवीन घ्या,” एवढं सांगून मिस्त्री निघून गेला. गॅसचा घ्यावा, तर बाथरूमला खिडकी नाही म्हणून त्याची बायको समृद्धी घाबरली. सोलर बसवावा, तर सोसायटीचे चेअरमन गच्चीला हात लावू देईनात. विजेचा घ्यावा, तर नेमकी सकाळीच लाईट जाते. आठ दिवस घरात नुसता काथ्याकूट चालला होता.

“आईचे गुडघे गारठ्यानं आखडलेत, आणि तुला प्रत्येकात खोट दिसती!” भरत बायकोवर खेकसला. शेवटी वैतागून तो आईपुढंच जाऊन बसला. “आई, आता तूच सांग. कसला गिझर आणू तुझ्यासाठी?”

चार वर्षांपूर्वी महाळुंगे पडवळहून लेकाकडे राहायला आलेल्या धोंडाबाई ओशाळल्यागत हसल्या.

 

“कसला बी आण बाबा, फकस्त त्यो नळ कुणीकडं फिरवला की गरम पाणी येतं तेवढं दाव, तुमच्या सकाळच्या घाईत कुणाला इचारावं, म्हणून आल्यापासनं मी गार पाण्यानंच आंघूळ करती.”