हौदातली हळद

हौदात हळद टाकायची अक्कल विष्णुपंतांची. उकंडराव देशमुखांचा केळीच्या बागेचा हौद रात्रीतून हातभर उतरायचा. पंत त्यांचे कारकून. त्यांनी सकाळीच कुटलेली हळद पाण्यात ओतायला लावली आणि वर म्हणाले, "पाणी जिथून पळतं तिथून पिवळं होऊन निघेल. चोराला हळद लावून सोडलंय, मालक!"

दगडोबा गवंडी हौदाच्या कडेला उकिडवा बसला होता. बसला कसला, बसवला होता. दोनदा तो उठायला गेला आणि दोन्ही वेळा उकंडरावांनी डोळ्यानंच खाली बसवला.

"काहून चुळबुळ करून राहिला रे दगड्या? भेगा तूच बुजवल्या ना समद्या?"

"व्हय मालक."

"समद्या?"

"समद्या."

खोटं होतं. तळाशी, नाल्याकडच्या कोपऱ्यात, पायाच्या शिमिटाच्या भिंतीला एक भेग होती. तिच्यावर त्यानं नुसता चुन्याचा हात फिरवला होता. त्या भिंतीच्या बुडाशी, पलीकडं, म्हारवाड्याचा झरा. हौद व्हायच्या आधी होळी जळाली की हा झरा आटायचा, आणि बाया घोटभर पाण्यासाठी नदीची वाळू उकरत हिंडायच्या. हौद फुटला आणि झरा जगला. देशमुखाच्या केळी पोटभर प्यायच्या, त्यांच्या तोंडचं सांडलेलं माणसं प्यायची. हौदाची भिंत लिंपायला दगडोबाचा हात चालत होता. त्याच हौदात त्याच्या बहिणीची घागर बुडालेली चालत नव्हती.

आता त्याला एकच घोर. पळत खाली जावं, बायांना सांगावं, आज झऱ्याला हात लावू नका, भरलं असेल ते सांडून द्या, कुणी विचारलं तर पिवळं काही बघितलं न्हाई म्हणा. पण उठायची सोय नव्हती.

ऊन डोक्यावर आलं, आणि खालून गाणं ऐकू आलं.

नाल्याचा चढ चढून बाया येत होत्या. पुढं त्याची बहीण रूपाबाई. डोक्यावर घागर आणि कपाळ पिवळंजर्द. नवरा मेल्यापासून त्या कपाळाला काही लागलं नव्हतं. हौदापासून लांब, नेहमीच्या दगडापाशी थांबून ती ओरडली,

"दादा, मरीआई पावली रं! झऱ्याला हळद आली! मी म्हनलं आपुन रांडाव बाई, पर देवीच लावून राहिली तर आपुन कोन न्हाई म्हननार?" मग तिनं देशमुखांकडं पदर पसरला. "मालक, देवीला चोळीचा खण द्या. तुमच्या हौदाखाली उभी राहिली ती. तुमचंबी भलं करंल."

पंतांना हसू आवरेना. कठड्याला टेकून ते हसत राहिले. "देवी! अहो मालक, देवी!"

उकंडराव हसले नाहीत.

"दगड्या, उतर."

"मालक, येवढा उन्हाळा जाऊ द्या. पाऊस पडला की मी सोता येतो, बराबर बुजवतो. फुकट करतो."

"लढाईच्या दिवसांत हिंगोलीच्या ठेसनावरून शिमिट आनलं मी. काहून? तुमच्या घागरी भराया? आत्ता बुजव. न्हाई तर गाडीभर धोंडे लोटतो त्या झऱ्यात. मग पावसाळ्यातबी चाटत बसा."

दगडोबा उतरला. हौदात गुडघाभर पिवळं पाणी उरलं होतं. त्यानं चाचपून भेग धरली, छिन्नीनं मोकळी केली. मग मान वर न करता आत कोंबायला चिंधी मागितली.

उकंडरावांनी गड्याला घरात पिटाळलं. गडी खण घेऊन आला. हिरवागार, कोरा. रूपाबाईचं तोंड फुललं. तिनं दोन्ही हात पुढं केले.

देशमुखांनी खण हौदात फेकला.

"कोंब. देवीला आतूनच पोचंल."

रूपाबाईनं खण बघितला. पाण्यात वाकलेला भाऊ बघितला. त्या पाण्याचा रंग बघितला. मग ती पदरानं कपाळ घासायला लागली. हळद ती, अशी निघती व्हय? बाकीच्या बायांना कळायचं ते कळलं होतं. त्या नाल्याकडं धावल्या, असेल तेवढं भरून घ्यायला. घासत घासत तीही धावली.

दगडोबानं खण ठासला आणि वर शिमिटाचा गोळा दाबला. गोळा धरेपर्यंत तळवा उचलायचा नसतो. उचलला की पाणी पुन्हा वाट काढतं. त्यानं गाल भिंतीला टेकला. भिंतीतून पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. नारळाच्या करवंटीनं कुणीतरी घाईघाईनं पाणी उपसत होतं.

"हालू नको," वरून उकंडराव म्हणाले.

करवंटी पाण्यात बुडत होती. मग गाळात रुतायला लागली. मग दगडावर घासली, आणि घासतच राहिली.