एक बोट जागा

२१५/७०/आर १६.

टायरवरचा आकडा आणि साखळीच्या खोक्यावरचा आकडा एकच होता. तरी बदरुद्दीननं चाकाच्या आत हात घातला. टायर आणि आतला लोखंडी दांडा यांच्यामध्ये त्याचं एक बोट मावलं. दुसरं मावलं नाही.

"ही पण नाही," तो म्हणाला.

"बदरभाई, साइज बराबर आहे."

"साइज टायरची आहे. जागेची नाही."

इद्रीसनं दुसरी साखळीही वाळूत टाकली. शारजातल्या त्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागं थोडी मोकळी जागा होती. जानेवारीतलं कोवळं ऊन. बदरुद्दीन चालवायचा ती मॅडमची गाडी वरून जीप होती, खालून कारच. साखळीची कडी बोटाहून जाड. वळणावर ती ब्रेकची नळी कापणार.

उद्या पहाटे निघायचं होतं. सौदी, जॉर्डन, सीरिया, मग लेबनॉनच्या डोंगरातलं मॅडमचं गाव. तिथं मॅडमचे वडील अंथरुणावर आणि रस्त्यावर बर्फ. मागच्या सीटवर मॅडमची दोन मुलं. बर्फात चाकाला साखळी लावायचं काम ड्रायव्हरचं. तुला जमत नसेल तर ऑफिसचा ड्रायव्हर नेते, असं मॅडमनं सकाळीच सांगितलं होतं. बदरुद्दीनचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता. तो वाढवणं मॅडमच्याच हातात.

"आमच्या जयगडला खाला स्नो-पावडर तोंडाला लावायची," इद्रीस म्हणाला. "तुमची मॅडम त्याच्यासाठी चाकाला दागिना शोधते."

बदरुद्दीन हसला नाही. "ती केबल आण. साखळीऐवजी लावतात ती, तारेची."

केबल बोटाहून बारीक होती. आत गेली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं. पूर्ण उजवीकडे. कुठं घासलं नाही.

"खलास! फिट."

"खलास कसलं. लावायला किती वेळ लागतो ते बघू. घड्याळ लाव."

केबल चाकामागून घ्यायची. तिच्या टोकाला एक गोळी. ती चाकाच्या पाठीमागं, न दिसणाऱ्या बाजूला, खाचेत बसवायची. मग पुढून ताणायचं. तिथं नजर पोचत नाही. बोटं पोचतात.

चार मिनिटं दहा सेकंद.

"वा! मॅडमला फोन लावा."

बदरुद्दीननं केबल सोडली. डिकीतून थर्माकोलचा डबा काढला. मच्छीबाजारातला. आत मासळी नव्हती, नुसता फोडलेला बर्फ. बाह्या वर करून त्यानं दोन्ही हात मनगटापर्यंत आत खुपसले.

"वेड लागलं काय, बदरभाई?"

"तिथं ऊन नसणार."

एक मिनिट. दोन. बदरुद्दीनचे ओठ आवळलेले. तिसऱ्या मिनिटाला इद्रीसनं डबा ओढून घेतला. हात लालबुंद झाले होते. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं सोडून. ती पांढरीच होती.

"ह्यांना काय झालं?"

"होडीचा दोर बसला होता. जुनं आहे."

"मॅडमला ठाऊक आहे?"

"स्टिअरिंगला आठ बोटं पुरतात. घड्याळ लाव."

गोळी. खाच.

गोळी पडली.

गोळी. खाच कुठं. इथंच होती. गोळी.

पडली.

चाकाला गाल टेकवून, डोळे मिटून तो चाचपत राहिला. इद्रीस मिनिटं मोठ्यानं मोजत होता. नवानंतर त्यानं मोजणं बंद केलं.

टक्.

"बसली!"

"मला नाही कळलं."

"अहो, मी ऐकली ना."

बदरुद्दीननं कशीबशी केबल पुढून ताणली. "गाडी पुढं घे. सावकाश."

इद्रीसनं गाडी पुढं घेतली. चाक एकदा फिरलं. दुसऱ्यांदा फिरलं. तिसऱ्या फेरीला केबल सुटली आणि आतल्या पत्र्यावर फाडकन बसली.

इद्रीस खाली उतरला. दोघंही चाकाशी वाकले. पत्र्यावर लांब ओरखडा उठला होता. ओरखडा आणि ब्रेकची नळी यांच्यामध्ये एक बोट जागा होती.

"हीटर आहे ना गाडीत," इद्रीस हळूच म्हणाला. "हात शेकायचे, मग लावायची."

"अन् खाली उतरल्यावर?"

"हातमोजे घाला."

"मोज्यातून खाच लागत नाही. मग उरलेली आठपण गेली."

खिशातला मोबाइल वाजला. मॅडम. बदरुद्दीननं तो दोन तळव्यांत धरून काढला. अंगठा बटणांवरून फिरला. कुठलं बटण, कळेना. इद्रीसनं हात पुढं केला.

"नको. तिथं तू नसणार."

त्यानं फोन बोनेटवर ठेवला, वाकून नाकानं बटण दाबलं, मग तळव्यांनी उचलून कानाशी धरला.

"बदर? यल्ला, टेल मी. फिट?"

मॅडमच्या मागं मुलांचा गोंधळ चालला होता. कोणीतरी लोकरी टोपी मागत होतं. इंग्रजीत. इद्रीस समोर उभा राहून नुसत्या ओठांनी सांगत होता: यस. यस म्हणा. त्याच्या हातातलं घड्याळ बंद करायचं राहून गेलं होतं.

"केबल फिट, मॅडम," बदरुद्दीन म्हणाला.

"थँक गॉड. खलास, देन."

"नो खलास, मॅडम." त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. "केबल फिट. माय हॅन्ड नो फिट."