मडगार्डवरचं नाव

नवा ट्रॅक्टर ताब्यात देताना डीलरनं विश्वंभरच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, आणि मडगार्डवर दुकानाच्या नावाचं हे एवढं मोठं स्टिकर चिकटवलं. खाली फोन नंबर होता.

"काही तकलीफ आली तर ह्या नंबरवर सांगा. आमचा माणूस तुमच्या बांधावर येईल."

पहिल्याच आठवड्यात ब्रेक दाबला की पाय थेट खाली जाऊ लागला. विश्वंभरच्या बापानं, ग्यानबानं, त्या नंबरवर दुसऱ्यांदा फोन लावला.

"नवी गाडी हाय काका, सेट व्हायला टाइम लागतो. मेकॅनिक सेनगावला गेलाय, उद्या धाडतो."

"कालबी तुमी उद्याच म्हणले! हळद वावरात पडून हाय, पोरगं तसंच चालवून राहिलं."

"उद्या नक्की, काका."

त्याच दुपारी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याजवळच्या उतारावर भरल्या ट्रॉलीनं ट्रॅक्टरला पुढं रेटलं. ब्रेक लागलाच नाही. ट्रॅक्टर कलंडला आणि विश्वंभर खाली दबून जागीच गेला. जमलेल्या लोकांनी फोटो काढले, फोटो ग्रुपवर फिरले. पोलीस यायचे होते, ट्रॅक्टर उचलायला जेसीबी यायचा होता. त्या सगळ्यांच्या आधी दुकानाचा मेकॅनिक फटफटीवर येऊन पोचला.

"आता काय दुरुस्त करतो रे बाबा?" ग्यानबानं विचारलं.



खिशातून ब्लेड काढून मेकॅनिक मडगार्डवरचं दुकानाचं नाव खरवडू लागला.