धाब्यावरची झील

कोरोनामुळे वहीगायनाचा फड भरणार नव्हता, म्हणून चिंधाआबा डफ घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले आणि गाव घरांच्या एकमेकांना चिकटलेल्या सपाट मातीच्या छतांवर, धाब्यांवर, जमलं. झील धरणारे चौघे मात्र विलगीकरणात होते. पहिल्याच कडव्यानंतर मागून सूर उचलायला कुणी नव्हतं. आबांनी डफ खाली ठेवला. सत्तरीच्या ताईबाईला राहवेना. पहिल्या रांगेत बसून पन्नास वर्षं तिने प्रत्येक झील पदराआड गुणगुणली होती; बायकांनी फडात गायची रीतच नव्हती. आज तिने तोच पदर कमरेला खोचला आणि खणखणीत झील दिली. आबांनी चमकून वर पाहिलं. “हाऊ आवाज तुना शे का, अक्का?” “माना नही तं कोना? डफ वाजाड, आबा!” गाणं रंगलं, ट्रॅक्टर पुढच्या गल्लीकडे निघाला. “आजी, तिथे झील कोण देणार?” नातीने विचारलं. ताईबाई केव्हाच शेजारच्या धाब्यावर पोहोचली होती.