भलतीच फाईल

बसा मास्तर, तुरुंगातली एक गंमत सांगतो. आम्ही आठ कैदी दर मंगळवारी गोल करून बसायचो, समुपदेशक बाई बोलतं करायच्या. एकदा त्यांनी भलत्याचीच फाईल उघडून सगळ्यांदेखत मला विचारलं, “बायकोला का मारलंत?” अहो, माझं लग्नच झालेलं नाही. मी भावाचा हात मोडलेला. ताडकन उठून गेलो. पुढच्या खेपेला शेजारच्या कोठडीतल्या ढोल्यानं मला ओढत आणून बसवलं. बाई फाईल मिटून म्हणाल्या, “मी तुमच्यावर नको तो आळ घेतला. चुकले.” आता कारण सांगतील म्हणून आम्ही थांबलो. ढोल्यानं विचारलं, “पुढं?” “पुढं काही नाही.” असं माणसाला जमतं कसं, याचंच मला नवल. भावाला मी माफीची तीन पत्रं धाडली, तिन्हींत त्याच्याच चुका उगाळल्या. त्यानं उत्तर दिलं नाही. चौथं तुम्ही लिहून द्या: हात मी मोडला, चुकलो.